जितके हजर, तितक्यांवर

उन्हाळ्याच्या पत्रकासाठी लागणारी खळ देल्फोर गास्ताल्दी स्वतः करायचा. दोन मुठी मैदा, आधी थंड पाण्यात गाठी मोडायच्या, मग उकळत्या पाण्यात धार धरून ओतायचं आणि हात थांबवायचा नाही. शेवटी चिमूटभर मोरचूद, म्हणजे झुरळं कागदाला तोंड लावत नाहीत. दुकानात तयार डिंक मिळतो, पण तो इकडच्या जानेवारीतल्या भर उन्हाळ्यात पापडासारखा सुटून येतो. देल्फोरने लावलेलं पत्रक मार्चच्या पावसापर्यंत जागचं हलत नसे.

तोर्निएरी गावात त्याच्या चौदा जागा ठरलेल्या होत्या. बेकरीची भिंत, क्लबचं फाटक, दवाखान्याचा खांब, धान्य सहकारी संस्थेचा वजनकाटा, असं करत करत रुळांच्या पलीकडच्या पाणपंपापर्यंत. दुपारी सगळं गाव झोपलेलं असताना तो बादली आणि ब्रश घेऊन निघायचा. बाहत्तर वर्षांचा माणूस त्या उन्हात का फिरतो, असं लोक विचारायचे. कारण साधं होतं. ओल्या कागदाला कोणी हात लावायला नको असेल तर रस्ते रिकामे लागतात.

त्या वर्षीचं पत्रक वाचनालय चालवणाऱ्या झुलेमाबाईंनी नेहमीसारखंच लिहिलं होतं. गावाचं वाचनालय उन्हाळ्यात संध्याकाळी सहा ते नऊ उघडं राहील. मंगळवारी आणि गुरुवारी पुस्तकांची पेटी क्लबच्या पोहण्याच्या तलावाकाठी येईल. बुधवारी बुद्धिबळ. शुक्रवारी बकाण लिंबाच्या झाडाखाली गोष्ट. ज्याने त्याने आपली खुर्ची आणावी. निवृत्तिवेतनाचे कागद कॉम्प्युटरवर भरून मिळतील, ओळखपत्र सोबत हवं. आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत, वार्षिक सभेची सूचना: फेब्रुवारीच्या बारा तारखेला, शुक्रवारी, संध्याकाळी साडेसहा वाजता. पुरेसे सभासद न आल्यास तासाभराने जितके हजर असतील तितक्यांवर सभा चालवली जाईल.

हे शेवटचं वाक्य तोर्निएरीत लहानथोरांना पाठ होतं. क्लबची सभा असो, सहकारी संस्थेची असो, आगबंबवाल्यांची असो, प्रत्येक नोटिशीत ते असतंच. म्हणून पहिल्या वेळेला कोणी जात नाही. पहिल्या वेळेला गेलेला माणूस एक तर परगावचा असतो, नाहीतर खुर्च्या मांडणारा. देल्फोर बावीस वर्षं खुर्च्या मांडत होता.

त्याआधी तो रेल्वेत होता. रुळाच्या टोळीत, तेवीस वर्षं. स्लीपर बदलणं, खडी दाबणं, वाकलेला रूळ काढून नवा घालणं. एक रूळ उचलायला नऊ माणसं लागत. आठांनीही तो उचलला जायचा, पण मग नवव्याचा भार आठांच्या कमरेत उतरायचा, आणि तो तिथेच राहायचा. देल्फोरच्या कमरेत अजून कोणाकोणाचा भार होता.

टोळीत एक शिस्त होती. मुकादम जे विचारील तेवढंच सांगायचं. पाना कुठाय? इथे. बोल्ट घट्ट आहे? आहे. वरती शब्द नाही. जास्त बोलणारा माणूस एक तर काम चुकवतोय, नाहीतर दुसऱ्यावर ढकलतोय, असं मुकादम म्हणायचा. देल्फोरला हे पटलेलं होतं, आणि निवृत्त झाल्यावरही ते त्याच्या अंगातून गेलं नाही.

वाचायला तो एकतिसाव्या वर्षी शिकला. तोवर कामाच्या हुकमाचा कागद हत्यारांच्या खोलीवर लागला की तो दुसऱ्याला विचारायचा. एकदा कोणीतरी गंमत म्हणून सांगितलं की रविवारी नवव्या किलोमीटरला हजर राहायचं आहे. देल्फोर रुळावरून नऊ किलोमीटर चालत गेला. तिथे एक घोरपड ऊन खात बसली होती. तो तसाच परत चालत आला, कोणाला एक शब्द बोलला नाही, आणि सोमवारी संध्याकाळी अंघोळ करून वाचनालयाच्या उन्हाळी वर्गात जाऊन बसला. शिकवणारी झुलेमा पाउतासो तेव्हा सव्वीस वर्षांची शाळामास्तरीण होती. फेब्रुवारी संपेपर्यंत तो पत्रक वाचायला लागला. अडखळत, पण प्रत्येक अक्षर.

पुढे रेल्वे बंद झाली, वाचनालय स्टेशनच्या मालाच्या शेडमध्ये आलं आणि देल्फोरही त्याच शेडमध्ये आला. पगार नव्हता. त्याने मागितलाही नाही. छपराचे पत्रे त्याने बदलले, मांडण्या त्याने जुन्या स्लीपरच्या लाकडातून केल्या. सफरचंदाच्या दोन खोक्यांना दोरीचे कान लावून फिरत्या पेट्या केल्या. भरली की एक पेटी चाळीस किलो व्हायची. ती हातगाडीवर ठेवून तो दर मंगळवारी आणि गुरुवारी तलावाकाठी न्यायचा, आणि मंगळवारी परतताना सेल्सा मारेंगोच्या दारात.

सेल्सा शहाऐंशी वर्षांची. गिरणीच्या मागे राहायची. चार वर्षांपासून तिचे पाय गेले होते आणि कान जवळजवळ गेले होते. डोळे मात्र भिंग धरून अजून चालत होते. दोन कादंबऱ्या आठवड्याला. पहिल्या उन्हाळ्यात देल्फोरने तिच्यासाठी चार पुस्तकं निवडून नेली, तर तिने हातही लावला नाही.

"हे कोणी काढलंय?"

"मी."

"मग तूच वाच. दुसऱ्याने निवडलेलं पुस्तक म्हणजे दुसऱ्याने चावलेला घास. मला पेटी दाखव."

"मावशी, पेटी चाळीस किलोची आहे. तीन पायऱ्या आहेत."

"मग दम खात खात आण. मला कुठे जायचंय?"

तेव्हापासून दर मंगळवारी तो पेटी तीन पायऱ्या चढवून तिच्या खुर्चीसमोर ठेवायचा. ती वाकून एकेक पुस्तक काढायची, पाठचं पान वाचायची, नाक मुरडून परत ठेवायची. अर्धा तास जायचा. देल्फोर उभा राहायचा. ती कधी आभार मानत नसे आणि तेच त्याला बरं वाटायचं.

प्रांताच्या कचेरीचं पत्र नोव्हेंबरात आलं. झुलेमाबाईंनी ते दोनदा वाचलं आणि देल्फोरला हाक मारली.

"बसा."

"उभा बरा आहे, बाई."

"बसा म्हटलं की बसावं, देल्फोर."

तो बसला. बाईंनी थोडक्यात सांगितलं. दोन वर्षं सभा झाली नव्हती. जुने अध्यक्ष वारले, दोघं मुलांकडे शहरात गेले, बाकीचे नुसते कागदावर उरले. फेब्रुवारी संपायच्या आत सभा घेऊन नवी समिती निवडली नाही, तर वाचनालयाची मान्यता जाईल. मान्यता गेली की पुस्तकं जिल्ह्याच्या गोदामात, आणि शेड नगरपालिकेकडे. नगरपालिकेला फवारणीचं यंत्र ठेवायला जागा हवीच होती.

"समितीत किती लागतात?"

"नऊ. एकही कमी चालत नाही. आणि नऊही सभासद हवेत, सहा महिन्यांपूर्वी नोंद झालेले."

"नऊ," देल्फोर म्हणाला. "एक रूळ उचलायला लागतात तेवढे."

"तुम्ही रुळाचं सोडा. लोकांकडे जा. घरोघर जा आणि सांगा."

नोंदवहीत त्रेचाळीस नावं होती. मेलेले, गाव सोडून गेलेले आणि ते दोघं स्वतः वगळले की एकतीस दारं आणि एक सेल्सा. सेल्साला चालता येत नाही, म्हणून तिचं नाव त्याने यादीत घेतलंच नाही. सभेला पंधरा दिवस राहिले तेव्हा त्याने सुरुवात केली. गाव झोपेतून उठून फुटपाथवर खुर्च्या टाकायचं, माते नावाच्या कडू चहाची तुंबडी हातोहात फिरायला लागायची, त्या वेळेला तो सायकलवरून निघायचा. पाच संध्याकाळींत एकतीस दारं. एकही सोडलं नाही, एकाही घरी टेकला नाही.

न्हावी रेमोच्या दुकानात दोन गिऱ्हाइकं होती आणि तिघंही हसायच्या तयारीत होते.

"या ग्रंथपाल साहेब. दाढी करायची की नुसतं भाषण?"

"बारा तारखेला सभा आहे. साडेसहाला."

"म्हणजे साडेसातला."

"साडेसात दुसरी वेळ."

"तेच म्हणतोय मी. पहिल्या वेळेला जायला मी काय जावई आहे तुमचा?" रेमोने वस्तरा पट्ट्यावर ओढला. "जितके असतील तितक्यांवर चालते ना सभा?"

"चालते. तसं लिहिलंय."

"मग कशाला घाम गाळतोस? येतो म्हण."

देल्फोरने वहीत लिहिलं: रेमो, येतो म्हणाला.

दुसऱ्या दारात तेच. तिसऱ्यात तेच. दवाखान्याची परिचारिका, सहकारी संस्थेचा कारकून, शाळेचा शिपाई, सगळ्यांनी आपुलकीने विचारलं, पाणी दिलं, कोणी कलिंगडाची फोड दिली, आणि सगळ्यांनी तोच एक प्रश्न केला. चालते ना जितके असतील तितक्यांवर? आणि देल्फोरने एकतीस वेळा खरं उत्तर दिलं. चालते. तसं लिहिलंय.

शेवटच्या संध्याकाळी त्याने वही बाईंसमोर ठेवली. येतो म्हणालेले सतरा. बघतो म्हणालेले नऊ. नाही म्हणालेले पाच.

"समितीला नऊ लागतात, हे सांगितलंत ना प्रत्येकाला?"

"कोणी विचारलं नाही."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अहो, हे सांगायचं असतं."

"सतरा येतायत, बाई."

"परत एक फेरी मारा."

एकच गोष्ट दोनदा सांगायला जाणं म्हणजे पहिल्यांदा नीट सांगितली नाही असं कबूल करणं. बोल्ट एकदाच आवळायचा आणि नीट आवळायचा. शिवाय दुसऱ्यांदा दारात उभा राहिलेला माणूस भीक मागतोय असं दिसतं. त्याने फेरी मारली नाही. त्याऐवजी त्याने शेड झाडली, फरशी घासली, चाळीस खुर्च्यांचे डुगडुगणारे पाय ठोकून घेतले. कामात त्याने काही कमी ठेवलं नाही. ते काम कोणी सांगितलेलं नव्हतं, एवढंच.

सूचना गावभर ऐकवायला हेर्मेस बोस्सिओ होताच. त्याच्या जुन्या गाडीच्या टपावर दोन कर्णे होते. मयतीची वेळ, चपलांचा सेल, हरवलेला कुत्रा, सगळं हेर्मेसच्या एकाच आवाजात गावाला कळायचं. वाचनालयाची बातमी तो वीस वर्षं फुकट सांगत आला होता. दर शनिवारी तोच घोष: वाचनालयात या, सभासद व्हा, उन्हाळा सावलीत काढा.

"सभेचं जरा जोर देऊन सांग," देल्फोर त्याला म्हणाला.

"जोर देऊन? अरे परवा मी फ्लोराबाईंची मयत जोर देऊन सांगितली, तर तिचा मुलगा मारायला आला. मी आपलं सगळं एका सुरात सांगतो. लोकांनी आपापला जोर लावावा."

बारा तारीख उजाडली. एकोणचाळीस अंश. देल्फोरने पाच वाजल्यापासून खुर्च्या मांडल्या, मागच्या दारात पाणी मारलं, सोड्याच्या बाटल्या बर्फात ठेवल्या. सव्वासहाला प्रांताच्या कचेरीची मुलगी छोट्या गाडीतून आली. नोएलिया तिचं नाव. एकशे चाळीस किलोमीटर गाडी चालवून आली होती, पाठ घामाने चिकटलेली. तिने हजेरीचं पुस्तक उघडलं, तारीख घातली.

"खूप छान ठेवलंय हो काका," ती मांडण्यांवरून हात फिरवत म्हणाली. "लाकूड कसलं आहे?"

"क्वेब्राचो. स्लीपरचं."

साडेसहाला आत चौघं होती. देल्फोर, झुलेमाबाई आणि औषधाच्या दुकानाच्या दोघी फेर्रेरो बहिणी. त्या कायम वेळेआधी यायच्या आणि कायम एकमेकींवर रुसलेल्या असायच्या, म्हणून दोघींमध्ये एक खुर्ची रिकामी ठेवून बसल्या. दारात हेर्मेस गाडीचं बॉनेट उघडून उभा होता. सूचना सांगून सांगून इंजिन तापलं होतं.

सातला क्लबकडून मोटारींचा आवाज आला. दोन बस. शेजारच्या गावात त्या रात्री कार्निव्हलची मिरवणूक होती, आणि हे देल्फोरला माहीत नव्हतं असं नाही. पण मिरवणूक दहाला सुरू होते, आणि माणूस सभा करून निवांत जाऊ शकतो, असा त्याचा हिशेब होता. बस सातलाच निघाल्या. शेडसमोरून जाताना खिडक्यांतून हात बाहेर आले. परिचारिका होती, सहकारी संस्थेचा कारकून बायकोमुलांसकट होता, शाळेचा शिपाई होता.

"देल्फोर," कारकुनाने हाक दिली, "आमच्याही नावाने हात वर कर रे."

सगळी बस हसली. देल्फोरनेही हात वर केला, निरोपाचा. मग तो वहीतली नावं मनात खोडत उभा राहिला.

साडेसातला बेकरीवाला एव्हारिस्तो आला, कोपरापर्यंत पीठ लागलेलं. "भट्टी लावून आलोय. पटकन उरका." पाच झाले. बाईंनी देल्फोरकडे नुसतं बघितलं. त्याने सायकल काढली.

क्लबच्या मागे मातीच्या पट्टीवर गोळे फेकायच्या बोचासचा डाव रंगला होता. रेमो आणि अजून दोघं जुने सभासद तिथे होते. रेमो एक डोळा मिटून गोळा तोलत होता.

"सभा," देल्फोर म्हणाला.

"झाली?"

"नाही."

"मग चालू दे की. तूच म्हणालास, जितके असतील तितक्यांवर."

"सभा चालते. समितीला नऊ लागतात."

रेमोने उचललेला हात खाली घेतला. "हे कधी ठरलं?"

"पहिल्यापासून."

"आणि हे तू आत्ता सांगतोयस? पट्टीवर येऊन?"

तिघं एकमेकांकडे बघत राहिले. मग रेमोने गोळा मातीत टाकला. "चला रे. नाहीतर हा इथेच रडेल, आणि आपला डाव ओला होईल."

तिघं चालत आले. त्यांच्या मागून सायकल ढकलत येताना देल्फोरने मोजलं. चार अधिक एव्हारिस्तो, अधिक तीन, अधिक दारातला हेर्मेस. नऊ. त्याने पुन्हा मोजलं. नऊच. गेल्या पंधरा दिवसांत पहिल्यांदा त्याची कंबर दुखायची थांबली.

सगळे बसले. हेर्मेसही बॉनेट लावून आत आला, हात पुसत मागच्या खुर्चीत बसला. झुलेमाबाईंनी नोंदवही उघडून एकेक नाव आणि नंबर वाचला, समोरच्याने सही केली. आठ सह्या झाल्या.

"बोस्सिओ, हेर्मेस," बाई म्हणाल्या आणि पान उलटलं. मग परत उलटलं. "हेर्मेस, तुझा नंबर काय?"

"कसला नंबर?"

"सभासदाचा."

"बाई, वीस वर्षं मी गावभर ओरडतोय, सभासद व्हा म्हणून."

"ते बरोबर आहे. पण तू झालास का?"

हेर्मेस आपल्या तळव्यांकडे बघत राहिला. काळं तेल लागलेलं होतं. "मला कोणी विचारलंच नाही," तो म्हणाला.

धाकटी फेर्रेरो हसली आणि थोरलीने तिच्याकडे असं बघितलं की ती गप्प झाली. नोएलियाने पेन खाली ठेवलं. आज नोंद केली तरी सहा महिने मत देता येत नाही, हे ती सांगत होती, पण तिचा आवाज हळू झाला होता. "मी आठ वाजेपर्यंत थांबते," ती म्हणाली. "सव्वाआठपर्यंत थांबते. एकच माणूस पाहिजे ना?"

बाईंचं बोट नोंदवहीवरून सरकायला लागलं. वारले. रोसारिओला गेले. कार्निव्हलच्या बसमध्ये. बस. बस. बस. सेल्सा मारेंगो, तिला चालता येत नाही. बस. "ओत्तोलिनी घरी असेल," बोट थांबलं. "नाहीतर ती शिवणवाली. नाहीतर पंपाजवळचा बासुआल्दो."

देल्फोर तिन्हीकडे गेला. ओत्तोलिनीच्या दाराला कुलूप होतं, आत कुत्रा भुंकत होता. शिवणवालीच्या मुलीने सांगितलं की आई बसने गेली, कार्निव्हलचे झगे तिनेच शिवले आहेत. पंपाजवळ बासुआल्दोची बायको फुटपाथवर एकटी बसली होती.

"तो सकाळीच गेलाय मेंढरं बघायला. काय झालं? कोणी गेलं का?"

"नाही," देल्फोर म्हणाला. "वाचनालयाची सभा आहे."

"मग करा की. जितके आहेत तितक्यांवर." तिने प्रेमाने तुंबडी पुढे केली. "घे, दम खा. तोंड बघ तुझं."

तो परत आला तेव्हा आठ वाजून वीस मिनिटं झाली होती. नोएलिया अजून बसली होती. तिने त्याच्या मागे कोणी आहे का ते बघितलं आणि मग लिहायला घेतलं. पुरेशा संख्येअभावी समिती निवडता आली नाही. आठही जणांनी सह्या केल्या. एव्हारिस्तोच्या सहीवर पीठ पडलं.

जाताना रेमो दारात थांबला. चेष्टा करायचा त्याचा चेहरा नव्हता. "आधी बोलला असतास ना, तर त्या कारकुनाला मी गळा धरून आणला असता."

"तू विचारलं नाहीस."

"अरे पण सांगायचं ना, माणसासारखं."

देल्फोरने चाळीस खुर्च्या घडी करून भिंतीला लावल्या. तिसांवर कोणी बसलंच नव्हतं, तरी त्या पुसल्या.

फेब्रुवारीच्या तेवीस तारखेला ट्रक आला. बांधाबांध देल्फोरने अकरा दिवस आधीच सुरू केली होती, एकट्याने. मोठी पुस्तकं तळाला, आडवी. बारकी वर, पाठी एकाआड एक, म्हणजे शिवण तुटत नाही. प्रत्येक खोक्याला दोन आडवे दोर आणि एक उभा. झुलेमाबाई दोन दिवस येऊन याद्या लिहून गेल्या आणि तिसऱ्या दिवसापासून आल्या नाहीत. एकशे बेचाळीस खोकी. ट्रकवाले दोघं हातोहात फेकायला लागले तेव्हा देल्फोरने त्यांना बाजूला केलं आणि शेवटचं खोकं चढेपर्यंत स्वतः उचलून दिलं. गोदामात ती कोणी उघडणार नाही हे त्याला माहीत होतं. गोदाम त्याने बघितलं होतं. तरी गाठी पक्क्या मारल्या.

"झालं सगळं?" ट्रकवाल्याने विचारलं.

"शेडमधलं झालं."

मग तो बादली आणि खरवडणी घेऊन पत्रकं काढायला निघाला. एकही निघालं नाही. गरम पाणी मारलं, खरवडलं, तर भिंतीचा रंग निघाला पण कागद तसाच. बेकरीसमोर उभ्या असलेल्या बाईने त्यावर बोट ठेवून आपल्या मुलीला वाचून दाखवलं, वाचनालय संध्याकाळी सहा ते नऊ उघडं आहे. देल्फोरने खरवडणी बादलीत टाकली आणि तो तिथून निघून गेला.

मंगळवार होता. सहा वाजता तो हातगाडीशिवाय गिरणीमागे गेला. तीन पायऱ्या चढायला त्याला नेहमीपेक्षा कमी वेळ लागायला हवा होता.

सेल्सा खुर्चीत बसली होती, मांडीवर गेल्या आठवड्याची दोन पुस्तकं.

"पेटी कुठाय?"

"ट्रकवर," देल्फोर तिच्या कानाशी वाकून म्हणाला.

विचारलं होतं तेवढं सांगून झालं होतं. पण तो गेला नाही. तो तिथेच, उभ्याने, मोठ्या आवाजात सांगायला लागला. नोव्हेंबरातलं पत्र, एकतीस दारं, नऊचा आकडा, आणि तो आकडा आपण कोणाला सांगितला नाही हेही. बस, बोचास, हेर्मेसचा नंबर. बाहत्तर वर्षांत तो सलग एवढं बोलला नव्हता. शेजारच्या अंगणातली बाई कपडे वाळत घालायची थांबली.

सेल्सा कानामागे हात धरून शेवटपर्यंत ऐकत होती.

"किती कमी पडले म्हणालास?"

"एक."

"मी सभासद आहे का अजून?"

"आहात. सात नंबर."

मग तिने बोटाने फरशीवरची जागा दाखवली. चार उन्हाळे तिथे पेटी ठेवून ठेवून दोन ओरखडे पडले होते.

"ती पेटी किती किलोची?"

"चाळीस."

"डिसेंबरात डॉक्टरने मला काट्यावर बसवलं होतं," सेल्सा म्हणाली. "एकेचाळीस भरले."

हेर्मेसची गाडी सभेच्या संध्याकाळी शेडच्या दारातच उभी होती.

"ही दोन घेऊन जा," तिने पुस्तकं पुढे केली. "एक अर्धं राहिलंय. राहू दे."

"कुठे नेऊ, मावशी?"

तिला ते ऐकू गेलं नाही, किंवा गेलं असेल. तिने पुस्तकं परत मांडीवर ठेवली आणि भिंग शोधायला लागली. देल्फोरने ते तिला शोधून दिलं. मग तो निघाला. हातात काही नव्हतं. तीनच पायऱ्या होत्या, पण दुसरीवर त्याला भिंतीला धरून थांबावं लागलं.